तेराव्यानंतर काय? घरातलं माणूस गेल्यावरच्या दिवसांसाठी

कोल्हापुरात कुणी गेलं की पहिले काही तास घरच्यांना फारसं काही करावं लागत नाही. गल्लीतली पोरं, तालमीतले जुने गडी, मंडळाचे कार्यकर्ते न सांगता कामाला लागतात. कुणी डॉक्टरांच्या दाखल्यामागे जातं, कुणी पै-पाहुण्यांना फोन लावतं, कुणी पंचगंगा स्मशानभूमीत कळवतं. चितेसाठीच्या शेणी (गोवऱ्या) तिथंच असतात, आणि होळीच्या आसपास लोक त्या दानही करतात. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन, मग दहावा, बारावा, उत्तरकार्य. तोवर शेजारून भात-आमटी आणि पिठलं-भाकरी येत राहते, चूल पेटवू देत नाहीत.

मग गोड जेवण होतं. पाहुणे गाड्या पकडतात, मांडववाला खुर्च्या उचलतो आणि चौदाव्या दिवशी सकाळी घरात दोन माणसं उरतात. त्या सकाळसाठी आपल्याकडे रीत नाही. माझ्या मते खरी मदत तिथून पुढे लागते, म्हणून हा लेखही बहुतेक तिथून पुढचाच आहे. पहिल्या तेरा दिवसांतल्या ज्या गोष्टी पुढं नडतात, तेवढ्या आधी घेतो.

गर्दीच्या दिवसांत एवढं सांभाळा

घरातल्या एका शांत माणसाकडं वही द्या. जावई, पुतण्या, धाकटी जाऊ, कुणीही चालेल. खर्च, कुणी दिलेली रक्कम, दवाखान्याची बिलं, स्मशानभूमीची पावती, डॉक्टरांचा दाखला, सगळं त्या वहीत आणि एका पिशवीत. दुःखात स्मरणशक्ती दगा देते. आज कुठं ठेवलं ते उद्या आठवत नाही, आणि दोन महिन्यांनी नेमका तोच कागद लागतो.

ज्यांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांची नावं त्याच वहीत पहिल्या पानावर लिहा. आजोबा गेले तर आजींना गोळी कोण देत होतं? बऱ्याच घरांत आजोबाच देत होते. हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि रक्षाविसर्जनाच्या दिवशी आजींना चक्कर येते.

कुणाला रडायला लावू नका, कुणाला रडू नको म्हणून थांबवूही नका. "अजून डोळ्यांतनं पाणी आलं नाही तिच्या" असं कोपऱ्यात कुजबुजणाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत असतात. पहिल्या दिवसांत बधिर होणं अगदी नेहमीचं आहे. काही जणांना पहिलं रडू महिन्याभरानं येतं, तेही भाजी निवडताना.

नवरा गेलेल्या बाईचं जरा सविस्तर सांगायला हवं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं हे सगळं तिच्या आयुष्यातल्या सर्वात वाईट तासात, दहा लोकांसमोर केलं जातं. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला तेव्हा शंभर वर्षं पूर्ण होत होती. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनं तसाच ठराव केला आणि राज्य सरकारनंही इतर गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. तुमच्या गावात ठराव असो वा नसो, करायचं काम एकच आहे. तिच्या बहिणीनं, जावेनं किंवा मुलीनं आधीच तिच्याजवळ बसायचं आणि जी म्हातारी पुढं येईल तिला सांगायचं, "आत्या, हात लावायचा न्हाई. काय ठेवायचं, काय काढायचं ते तिचं ती ठरवंल." हे वाक्य बोलायला कुणीतरी एक जण आधी ठरलेला असावा लागतो. ऐनवेळी कुणाच्याच तोंडातून शब्द फुटत नाही.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट वाटणीची. उत्तरकार्याला भावकी जमलेलीच असते, म्हणून तिथंच जमिनीचा विषय निघतो आणि लेकींपुढं हक्कसोडपत्राचा कागद येतो. त्या दिवसांत कुणीही कशावरही सही करू नये. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ती हक्क सोडेल किंवा ठेवेल, तो तिचा प्रश्न, पण निर्णय सुतकात घ्यायचा नाही. "दादा, कागद वाचून सांगते, वर्षश्राद्धानंतर बोलू," एवढं उत्तर पुरे.

कागदपत्रं, पण रोज एकच काम

कागदपत्रांचा ताण दुःखात मिसळतो आणि माणूस दोन्हींखाली दबतो. म्हणून नियम करा की दिवसाला एकच काम, तेही सकाळी, आणि बरोबर एक जण हवाच. रांगेत उभं असताना खिडकीतला माणूस "मयत कोण?" असं विचारतो तेव्हा शेजारी कुणीतरी असलेलं बरं.

पहिलं काम मृत्यूच्या नोंदीचं. मुदत 21 दिवसांची आहे. ती चुकली तर महिन्याच्या आत विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यानंतर परवानगीचे सोपस्कार वाढत जातात, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर माहिती दवाखाना कळवतो. घरी झाला असेल तर ती जबाबदारी घरच्यांची, त्यासाठी मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला लागतो. शहरात महापालिका, गावात ग्रामपंचायत. नाव आधार कार्डावर आहे अगदी तसंच लिहिलंय ना, हे तिथंच उभं राहून तपासा. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या.

मग बँक. खात्यावर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव नोंदवलेलं असेल तर दाखला आणि दाव्याचा अर्ज देऊन पैसे मिळतात. पण ते नाव म्हणजे मालकी नव्हे, रक्कम कायदेशीर वारसांचीच असते. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड किंवा मोबाईलवरचं ॲप वापरून पैसे काढायचा मोह आवरा, पुढं भावकीत त्यावरूनच भांडण पेटतं. पासबुकाची मागची पानं मात्र नीट चाळा. वर्षातून एकदा 436 रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे, त्यात दोन लाख मिळतात. 20 रुपये कापलेले असतील तर तो अपघात विमा, मृत्यू अपघाती असेल तर त्याचेही दोन लाख. घरच्यांना या हप्त्यांचा पत्ताच नसतो. असा दावा शक्यतो महिन्याभरात दाखल करावा.

खेडेगावात आणखी काही खाती असतात जी शहरी सल्ल्यांत सापडत नाहीत. साखर कारखान्याचं सभासदत्व आणि उसाची नोंद, दूध संस्थेतलं खातं, विकास सेवा सोसायटीचं पीककर्ज. ऊस गाळपाला गेला आणि बिल गेलेल्या माणसाच्या खात्यावर जमा झालं, तर ते सोडवायला हंगाम निघून जातो. सातबाऱ्यावर वारस नोंद लावण्यासाठी तलाठ्याकडं तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यायचा असतो, तेवढा देऊन ठेवा. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. त्यानं कुणाचा हक्क जात नाही, उलट राहतो.

घर विकणं, म्हातारीला पुण्याला हलवणं, दुकान बंद करणं असले मोठे निर्णय जमेल तर वर्षभर पुढं ढकला. कर्जानं गळा धरला असेल तर अर्थात वेगळी गोष्ट.

चौदाव्या दिवसापासून

आता मुख्य भाग. रिकाम्या घरात सकाळ कशी काढायची?

सुरुवात शरीरापासून करा, मनाच्या वाटेला लगेच जाऊ नका. दुःख आधी शरीरात येतं. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, घास उतरत नाही, पहाटे तीनला जाग येते, गाडी चालवताना वळण चुकतं. (छातीत खरोखर दुखत असेल, डावा हात भरून येत असेल तर दुःख समजून बसू नका, थेट दवाखाना गाठा.) जेवणाची वेळ बांधा. दोन घास का होईना, पण ताटावर बसायचं, आणि शक्यतो कुणासोबत. एकट्यासाठी स्वयंपाक करायला कुणालाच उत्साह नसतो, म्हणून पहिले दोन-तीन महिने डबा लावला तरी त्यात काही कमीपणा नाही. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका, नाहीतर रात्र संपता संपत नाही.

रोज एकदा घराबाहेर पडा. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांचे ठरलेले गट असतात, गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला येणारी मंडळी असतात. तिथं कुणी फार काही विचारत नाही आणि तेच हवं असतं. "बसा की," म्हणतात, आणि मग मॅचवर, कुस्तीवर, पाण्याच्या पाळीवर बोलणं सुरू होतं. लोकांसमोर जायला जड वाटत असेल तर आधी फक्त एक फेरी मारून परत या.

पुरुषांसाठी एक वेगळी सूचना. मित्र प्रेमानंच म्हणतात, "चल, जरा बसूया, बरं वाटंल." दारूनं झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक झोप असते आणि दुसऱ्या दिवशी मन अजून खाली जातं. त्या मित्राला सांगा, बसायचंच असेल तर चहाच्या टपरीवर बसू.

मनाबद्दल बोलताना दुःखाच्या पाच पायऱ्या हमखास सांगितल्या जातात, आधी नकार, मग राग आणि शेवटी स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या 1969 मध्ये मांडल्या, त्या मुळात स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नाही, त्यामुळे "मी अजून दुसऱ्याच पायरीवर कसा?" असा घोर लावून घेऊ नका. मला त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांचं 1999 मधलं म्हणणं पटतं. माणूस दोन बाजूंना हेलकावे खात राहतो. थोडा वेळ आठवणीत बुडतो, थोडा वेळ वीजबिलात, शाळेच्या फीत, रोजच्या कामात जातो, आणि परत बुडतो. हे हेलकावे हाच बरं होण्याचा मार्ग आहे. सारखं रडत राहणं जसं जड जातं, तसंच सारखं कामात डोकं खुपसून राहणंही पुढं महागात पडतं.

मग हेलकाव्यांना जागा करून द्या. संध्याकाळचा अर्धा तास वेळ ठरवा. फोटोपुढं बसा, वाटलं तर मोठ्यानं बोला, पत्र लिहा, रडा. तो वेळ झाला की उठून तोंड धुवा आणि दिवा लावा, कुकर लावा, काहीही हातानं करायचं काम घ्या. ऑफिसात अचानक भरून आलं तर स्वतःला सांगता येतं, "संध्याकाळी." सगळ्यांना हे जमत नाही, पण अनेकांना दिवसभराच्या भीतीतून यानं सुटका मिळते.

गेलेल्या माणसाची हाक ऐकू आल्यासारखी वाटली, गेटचा आवाज आला की तेच आले असं वाटलं, तर घाबरू नका आणि लगेच देवऋष्याकडं पळू नका. वेल्समधल्या एका डॉक्टरांनी 1971 मध्ये जोडीदार गमावलेल्या शेकडो जणांना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्यांनी असा अनुभव सांगितला होता. मेंदूला इतक्या वर्षांची सवय असते.

अपराधीपणा मात्र चिवट असतो. "आधीच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं." "त्या दिवशी भांडलो नसतो तर." यावर "असं काही नसतं हो" म्हणून उपयोग होत नाही. कागद घ्या, त्या दिवशी तुम्हाला काय ठाऊक होतं आणि काय नंतर कळलं याचे दोन रकाने करा. शक्य असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकदा भेटून सरळ विचारा. आणि कधी कधी सुटका झाल्यासारखं वाटतं, विशेषतः वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केल्यावर. ते वाटणं पाप नाही.

कपडे, चष्मा, मोबाईल

कपडे लगेच वाटून टाकायची घाई बहुधा पाहुण्यांना असते. घरच्यांपैकी जो सर्वात जवळचा, त्याच्या मनानं होऊ द्या. एक सोपी पद्धत म्हणजे तीन ढीग. ठेवायचं, द्यायचं, आत्ता ठरवायचं नाही. तिसरा ढीग पेटीत घालून वर तारीख लिहा. आईच्या लुगड्यांची गोधडी शिवून घेणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, ती करायला मात्र घाई नसावी.

मोबाईलचं उलट आहे, तिथं उशीर करू नका. नंबर बंद पडू देऊ नका, बँकेचे संदेश त्यावरच येतात. रिचार्ज चालू ठेवा. फोटो आणि आवाजाचे संदेश दुसरीकडं उतरवून घ्या. व्हॉट्सॲपचं खातं 120 दिवस वापरात नसलं की सहसा पुसलं जातं, आणि आबांच्या फोनमधलं "बाळ, पोचलास काय?" हातचं जाऊ शकतं.

घरात लहान मूल असेल तर

"आजी झोपलीय" असं सांगितलं तर मूल झोपायला घाबरतं. "बाबा गावाला गेलेत" म्हटलं तर ते दारात वाट बघत बसतं. "देव चांगल्या माणसांना लवकर नेतो" हे तर त्याहून वाईट. सरळ सांगा. "आजी वारली. तिचं शरीर आता काम करत नाही. तिला दुखत नाही, भूक लागत नाही. ती परत येणार नाही. आपण तिची आठवण काढू." पाच वर्षांच्या आतलं मूल हेच परत परत विचारेल, दर वेळी तेच उत्तर द्या. दहा मिनिटं रडून ते खेळायला पळालं तर निर्दय म्हणू नका, मुलांचं दुःख तुकड्या-तुकड्यांत येतं. "मी मस्ती केली म्हणून झालं का?" हा प्रश्न त्याच्या मनात असतोच असं धरून, त्यानं न विचारताच उत्तर द्या. वर्गशिक्षकांना कळवा. डबा, शाळा, झोपायची वेळ, आठवड्याचा क्लास होता तसाच ठेवा.

मोठ्या मुलाला "आता घरातला कर्ता तूच" हे वाक्य कुणी म्हणालं तर तिथल्या तिथं थांबवा. चौदा वर्षांच्या पोराला रडायचीही जागा उरत नाही मग.

एकटी राहिलेली म्हातारी माणसं

जोडीदार गेल्यावरचे पहिले काही महिने म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीला धोक्याचे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. महिन्यात एकदा वजन बघा. पट्टा एक भोक आत गेला तर ती खूण आहे. आणि महिना या पोराकडं, महिना त्या पोराकडं अशी वाटणी निदान लगेच करू नका. ज्या घरात चाळीस वर्षं काढली, तिथली शेजारीण, तिथलं तुळशीचं वृंदावन, तिथला दूधवाला हाच त्यांचा आधार असतो. त्यापेक्षा नातवंडानं रोज ठराविक वेळी फोन करावा, आणि काहीतरी विचारावं ज्याचं उत्तर त्यांनाच येतं. लोणच्याला मीठ किती घालायचं, विहिरीवरची मोटर कशी दुरुस्त केली होती.

वर्षभरातल्या तारखा

वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला गणपती, पहिली दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू, म्हाळ (पितृपक्षातलं श्राद्ध). या तारखा आधी वहीत लिहून काढा, कारण त्रास दिवसापेक्षा आदल्या आठवड्यात जास्त होतो. त्या दिवशी काय करायचं आणि काय नाही, हे घरच्यांनी मिळून आधीच बोलून ठेवा. गणपती आणायचा की नाही यावर गल्ली मत देईलच, ठरवायचं तुम्ही. म्हाळाला नैवेद्याच्या ताटात त्यांच्या आवडीचा पदार्थ असतोच. त्यासोबत जेवताना प्रत्येकानं त्यांची एक गोष्ट सांगायची असं ठरवलं, तर मुलांनाही बोलायला मिळतं. वर्षश्राद्ध झालं की दुःख संपलं पाहिजे असा काही नियम नाही, आणि त्याआधी हसायला बंदी आहे असाही नाही.

कधी मदत घ्यायची

दुःख आजार नाही. पण सहा महिने ते वर्ष उलटलं तरी रोजच्या रोज तितकीच तीव्र ओढ, जगणं निरर्थक वाटणं, काम-अंघोळ-जेवण सुटणं असं चालू असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-यादीतही त्याला वेगळं नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. मृत्यू आत्महत्येनं, अपघातानं किंवा लहान मुलाचा झाला असेल तर इतकं थांबूच नका, सुरुवातीलाच समुपदेशकाशी बोला. आत्महत्या झालेल्या घरी लोक कारणं विचारायला येतात. "त्याबद्दल आम्ही बोलत नाही," एवढं दारातच सांगायला एक जण नेमा.

"मला पण त्यांच्याकडं जायचंय" हे कुणी म्हणालं तर बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा, "स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातलं शेतीचं औषध, फवारणीचे डबे कुलपात ठेवा, माणसाला एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर 112. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं मानसोपचारतज्ज्ञांकडं जा.

आणि तुम्ही त्या घराचे शेजारी असाल तर

श्रद्धांजलीचा फलक आणि स्टेटस पहिल्या दिवशी सगळेच लावतात. तुम्ही पंधराव्या दिवशी जा, मग महिन्यानं, मग पहिल्या दिवाळीच्या आधी. "काही लागलं तर सांगा" असं म्हटलं की कुणी सांगत नाही. त्यापेक्षा, "काकू, उद्या बँकेत जायचंय नव्हं? मी धाला गाडी घेऊन येतो." किंवा "वहिनी, भाकरी केल्यात चार, पोराबरोबर पाठवतो." गेलेल्या माणसाचं नाव घ्या. रडतील म्हणून लोक टाळतात, पण नाव कुणीच घेत नाही याचंच घरच्यांना जास्त लागतं. काय बोलावं सुचत नसेल तर त्यांचा एखादा किस्सा सांगा, आणि जाताना पुढं कधी येणार तो वार सांगून जा.